वरच्या बोडीतली मासोळी

शुक्रवार, दिवेलागण. एकोडी.

जिंकले! मीच जिंकले! अक्षर वाकडं येऊन राहिलं, येऊ दे.

अंगात विष गेलं की मासोळीच्या लिव्हरमधला एक जीन जागा होतो, ती मरायच्या कितीतरी आधी. धानाच्या बांध्यांत फवारलेलं औषध खालच्या बोडीत, म्हणजे खालच्या तळ्यात उतरतं, तिथं तो जागा असणारच होता. तुलनेला घेतली बांध्यांच्याही वरची बोडी, जिथं औषध उतरायचं कारणच नाही. पाणी असं नितळ की तळ दिसावा. तर तिथंही जीन जागा!

कॉलेजातले सर म्हणाले, "नमुने मिसळले असतील तुझे." पुन्हा केलं, पुन्हा तेच. बोअरच्या पाण्यात वाढवलेल्या मासोळ्यांचा जीन मात्र गाढ झोपलेला. मग नितळ पाण्यात तो कायले ओरडून राहिला? माझेच हात चुकतात का?

आज बाबा फवारणी करून आले. पाठीवरचा पंप धुऊन चकचकीत. सहज विचारलं, कुठं धुतला?

"वरच्या बोडीत. सारेच तिथं धुतेत. गढूळ पाण्यानं नोजल चोकते ना बेटा."

नितळ म्हणूनच! नितळ म्हणूनच अख्ख्या गावानं तिथं विष खंगाळलं. अन् आम्ही तिथलीच मासोळी चवीनं खातो, बाप्पा!

सरांना फोन केला. ते म्हणाले, "तुझा जीन खरं बोलत होता."

बाबा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. आजवर माझ्या अभ्यासाबद्दल 'संपन कधी?' एवढंच विचारणारे बाबा. पंप उचलून म्हणाले,

"मंग आता कुठी धुवू? तूच सांग."