झोपू दे तिला

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा गेल्यापासून मला झोपच येत नाही गं. रात्रपाळी करून क्वार्टरवर येते, खिडकीला चादर लावते, कानात कापूस कोंबते आणि छताकडे बघत पडते. काल एकाची सलाइन दुसऱ्यालाच लावायला निघाले होते. ही माझी नव्हे असं पेशंटच म्हणाला, म्हणून निभावलं. मेट्रनबाईंनी सगळ्यांदेखत झाडलं.

घरी मी येणार नाही. आईचं तोंड बघवत नाही मला. मी शेजारच्या खोलीत होते, ताई! परक्यांच्या बापांच्या उशाशी रात्र रात्र बसते, आणि माझा बाप जाताना मला कुणी साधी हाक मारली नाही. मी नर्स आहे गं, निदान हात तरी धरला असता. मला का उठवलं नाही, एवढंच तिला विचार.

घरात सगळ्यांना नमस्कार. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
छकुली

१० फेब्रुवारी

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

अगं वेडाबाई, आता पेशंट तुला शिकवायला लागले का? पाळी बदलून माग, नाहीतर तुझ्या मेट्रनबाईंशी मीच येऊन भांडते.

आईला विचारलं. तुला सांगू नको म्हणाली, पण सांगते. बाबांना दम लागला तेव्हा ती तुला उठवायला निघालीच होती. बाबांनी अडवलं. नेहमीचाच दम आहे, पोरीचा आत्ता कुठे डोळा लागलाय, झोपू दे तिला, म्हणाले. तरी आई तुझ्या दारापर्यंत आली. तू गणवेशातच आडवी झाली होतीस, चक्क घोरत होतीस. तिला हाक मारवेना. बराच वेळ तशीच बघत उभी राहिली. परत गेली, तोवर बाबा गेले होते.

म्हणजे बाबांजवळ तीही नव्हती गं. पोर स्वतःला दोष लावून घेईल, म्हणून गप्प बसली.

जेवत जा. उलट टपाली दोन ओळी तरी लिही.

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ताईचं पत्र आलं. तिला रागावू नकोस. पत्र हातात घेऊन खूप रडले.

रविवारी पाळी संपली की थेट घरी येते. झोप लागेल की नाही, कोण जाणे. लागलीच तर दारात उभी राहू नकोस, आई. आत ये आणि मला उठव. काही काम नसलं तरी उठव.

तुझीच,
छकुली