शनिवारी उघडं दुकान

निशी-कसाई, तोक्यो
फेब्रुवारी २००९

प्रिय अक्षया,

हे पत्र हातात पडलं की सासूबाईंसमोर उभ्या उभ्या फोडू नकोस. आतल्या खोलीत जा, दार लोटून घे आणि मग वाच. सगळ्यात आधी एवढंच वाच, बाकीचं नंतर: शशांक माझ्याकडे आहे. दुपारी वरण-भात जेवला आणि आत्ता तुझ्या काकांच्या खोलीत झोपलाय. अपघात नाही, ताप नाही, हातपाय धड आहेत. आता बस खाली.

फोन का नाही केला म्हणशील. तुमच्याकडे फोन सासूबाई उचलतात आणि लगेच स्पीकरवर टाकतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कानांचं नाही, पण ते जाऊ दे. आणि इथे आमचं घर म्हणजे दोन खोल्या नि मधे सरकतं कागदी दार. कुजबुजलं तरी पलीकडे ऐकू जातं आणि पलीकडे तो आहे. म्हणून लिहायला बसले. खालच्या मजल्यावरची सुनीता उद्या मुंबईला निघालीये. ती स्वतःच्या घरी न जाता आधी पुण्याला येऊन हे तुझ्या हातात देणार आहे. मी सांगितलं नव्हतं, तिनेच आपणहून ठरवलं. यावरून काय ते समज.

स्टेशनच्या पुलाखालचं ते इस्रायली दुकान आठवतं ना? एवढंसं, भिंतीला लागून स्टुलं, वरून गाडी गेली की पेले थरथरतात. मी तर पाटी बघून म्हटलं होतं, आपल्याला काय मिळणार इथे, सगळं मटणाचं असेल. तूच ओढून नेलंस. आणि मग काबुली चण्याचे ते गरम गरम वडे, फलाफल, आतून हिरवेगार, वरून तिळाची पातळ चटणी, आणि त्या पिशवीसारख्या पावात कोंबलेले वांग्याचे काप! मी मेली वांग्याला नावं ठेवणारी, दुसरा पाव मागून घेतला. तेवढ्यात त्या दुकानदाराने रांगेतल्या एका कोटवाल्या जपान्याला विचारलं, "आंबा?" तू मला कोपर मारलंस. मी आपली मोठ्यांदा ओरडले, अगं बाई, हा आंबा म्हणाला की! तर तो झारा हातात धरून वळला आणि म्हणाला, "तुमी मराठी काय?"

काय हसलो होतो आपण! कैरीच्या त्या पिवळ्या आंबटढाण चटणीला तिकडे सगळेच आंबा म्हणतात म्हणे, आपल्या मुंबईहूनच गेलेला शब्द. पण या दुकानदाराकडे, एझ्राकडे, तो आईकडूनही आलेला. आई अलिबागकडची ज्यू, लग्नानंतर इस्रायलला गेली. हा तिकडेच जन्मला आणि जपानी बायको करून इथे आला. त्याचं मराठी म्हणजे नुसतं आईच्या स्वयंपाकघरातलं. त्याला मराठीत वाढता येतं, रागावता येतं, बाकी सगळं जपानीत.

आणि शशांक! जावई म्हणून त्याला अहो-जाहो करायचं मी त्या दुकानातच सोडलं. कोपरापर्यंत चटणीचा ओघळ आलेल्या माणसाला कोण अहो म्हणणार? हापूस हे बघून रडेल, म्हणायचा, आणि वर आणखी दोन चमचे घ्यायचा. तुमची रेवा बाहेर तिच्या लाल तीनचाकीवर गोल गोल फिरायची आणि दर फेरीला "इत्ते किमासु!" ओरडायची. एझ्राने विचारलं होतं, हिला मराठीत का नाही शिकवत? जपानी माणूस घरातून निघताना म्हणतो ते जाऊन येतो, आणि आपलं येतो, एकच तर आहे. त्याच्या आईने म्हणे आयुष्यात कुणाला उंबऱ्यावरून जातो म्हणू दिलं नाही. त्या दिवसापासून त्याच्या दुकानाचा नियमच झाला. शशांक निघाला की एझ्रा झारा उचलायचा, शशांक हात वर करून "येतो!" म्हणायचा, मगच झारा खाली.

तू ऑक्टोबरात रेवाला घेऊन सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलीस त्यानंतरची एक गंमत तुला सांगायची राहिली. एका शनिवारी मी आणि शशांक हौसेने गेलो तर शटर बंद. रविवारी मी एझ्राला फैलावर घेतलं, भर सुट्टीच्या दिवशी धंदा बंद ठेवतोस, वेडा आहेस का? तर म्हणाला, कोकणात त्याच्या लोकांचे तेलाचे घाणे होते, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नावच ठेवलं शनवार तेली. तो देवळात जात नाही, फारसं काही पाळत नाही, पण आईसाठी एवढं पाळतो. शनिवारी चूल पेटवायची नाही. एखाद्याचा जीव जात असेल तरच. मी म्हटलं, मग आंब्यावाचून माझा जीव जातोय, उघड की रे एखाद्या शनिवारी! शशांक इतका हसला की त्याला ठसका लागला. तो असा हसलेला मी पाहिलेला तो शेवटचा, अक्षया.

डिसेंबरात काहीतरी बदललं. तो यायचा, सूटबूट घालून, बॅग घेऊन, पण भलत्याच वेळी. दुपारी तीनला तोयोसुचं ऑफिस सोडून कोण निशी-कसाईत वडे खायला येतं? विचारलं तर म्हणायचा, मीटिंग लवकर संपली. एझ्रा पाव समोर ठेवायचा, तो तसाच वातड होऊन जायचा. आंबा नको, तीळ नको. कागदी रुमालाच्या घड्या घालत बसायचा, अर्ध्याची अर्धी, तिची अर्धी. काही विचारलं की "दाइजोबु". तुला माहितीये ना तो शब्द, बरं आहे म्हणूनही तोच आणि नको म्हणूनही तोच. मी दर वेळी बरं आहे असा अर्थ घेत होते. एझ्रा मात्र मला एकदा हळूच म्हणाला, "नको म्हणतो तो." मला वाटलं, पावाबद्दल बोलतोय.

मग त्याने वस्तू वाटायला सुरुवात केली. भात शिजवायचं भांडं सुनीताला. गाण्यांचे ते भारी हेडफोन तुझ्या काकांना. ह्यांना रेडिओसुद्धा धड लावता येत नाही. मी म्हटलं, कंपनी दुसऱ्या घरात हलवतेय का रे? हो म्हणाला. मला वाटलं, तुम्ही दोघी एप्रिलमध्ये येणार, मोठं घर घेत असेल. मी तर मनातल्या मनात पडद्याचं कापडसुद्धा ठरवून टाकलं.

गुरुवारी सकाळी मी तुमच्या बिल्डिंगवरून बाजाराला निघाले होते. कोपऱ्यावर मोठ्या कचऱ्याच्या जागी रेवाची तीनचाकी उभी होती. लाल, स्वच्छ पुसलेली, हँडलवर टाकाऊ सामान न्यायचं नगरपालिकेचं ते स्टिकर नीट सरळ चिकटवलेलं. अगं, ते स्टिकर वाकडं लागलं तरी इथे लोक नाराज होतात. त्याने काठ बोटाने दाबून दाबून लावलं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. बाप आपल्या लेकीची गाडी अशी टाकेल? गाडी न्यायला माणसं यायच्या आत मी ती उचलून घरी आणली. स्टिकर निघता निघत नव्हतं. त्याला फोन केला. तो म्हणाला, मावशी, आता ती मोठी झाली असेल. चार महिन्यांत किती मोठी होते गं तीन वर्षांची पोर?

शुक्रवारी मी मुद्दाम दुकानात जाऊन बसले. एझ्राचं दुकान शुक्रवारी ऊन असेतोवरच उघडं असतं, त्यांचा शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो. शशांक आला, काही न खाता बसला, मग उठला. एझ्राने सवयीने झारा उचलला. शशांक दाराशी थांबला, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "जातो."

एझ्राचा झारा वरच राहिला. तो म्हणाला, येतो म्हण. शशांक हसला, छान, नम्र, ऑफिसात हसतात तसं, आणि म्हणाला, एकच तर आहे. आणि निघून गेला. मी मागोमाग धावले तर तो पुलाखालच्या गर्दीत दिसेना. घरी येऊन फोन लावत राहिले, तुझे काका त्याच्या बिल्डिंगपर्यंत जाऊन आले, दार कुणी उघडलं नाही. परत येताना काकांनी एझ्राच्या दुकानात डोकावलं तर तेही बंद. सूर्य मावळला होता ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्याच्या घराकडे निघाले. वाटेत पूल. आणि अक्षया, शनिवारी एझ्राचं शटर अर्धं वर होतं. आतून दिवा दिसत होता. तळणाचा वास येत होता. बाहेर दोघी जपानी बायका खूश होऊन एकमेकींना सांगत होत्या, आज उघडं आहे, आज उघडं आहे. मी त्यांना बाजूला सारून शटरखालून वाकून आत घुसले, कारण ती चूल कशासाठी पेटवलीय हे त्या रस्त्यावर फक्त मला माहीत होतं.

शशांक आत होता. कालचाच सूट, वर एझ्राचा एप्रन, आणि समोर कांद्यांचा ढीग. कांदा चिरत होता आणि रडत होता, आणि कांद्यामुळे रडत नव्हता. एझ्राने मला नुसतं बोटाने बस म्हणून खुणावलं. नंतर सांगितलं की दुकान बंद करून तो शशांकला शोधत हिंडला, नदीकाठी शशांक सापडला, आणि तिथून एझ्राने त्याचा हात सोडलेला नाही. रात्री स्वतःच्या घरी नेऊन बसवलं तर भिंतीकडे बघत राहतो म्हणून सकाळी दुकानात आणून काम दिलं. मी एझ्राच्या पायाच पडणार होते, पण तो मला म्हणाला, "रडू नको, वडे खा." आईकडून तेवढंच मराठी आलंय त्याला.

नोकरी डिसेंबरातच गेली, अक्षया. अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि इथली कंत्राटं आटली; त्यांच्या टीममधल्या सगळ्यांना एका दुपारी वाकून नमस्कार करून निरोप दिला. तो रोज सूट घालून निघायचा आणि तोझाई लाइनच्या गाडीत बसून दिवसभर इकडून तिकडे फिरायचा. तुला रोज फोनवर ऑफिसच्या गोष्टी सांगायचा ना, त्या सगळ्या जुन्या होत्या. त्याच्यावर चिडू नकोस. चिडायचं असेल तर माझ्यावर चीड, मी सगळं ऐकून घेईन, पण त्याच्यासमोर एक शब्द नाही.

सोमवारी काका त्याला घेऊन इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. गोळ्या सुरू झाल्यात. डॉक्टर म्हणाले, याला एक क्षण एकटं सोडू नका आणि याच्या माणसांना बोलावून घ्या. आम्ही एकटं सोडत नाही. बाथरूमच्या दाराशी काका वर्तमानपत्र घेऊन बसतात. एझ्रा रोज संध्याकाळी डबा घेऊन येतो आणि त्याच्या शेजारी बसून राहतो.

नोकरीचं, व्हिसाचं, परतीचं, सगळं मागाहून बघू. सासूबाईंना तुझ्या आईकडे ठेव, मी ताईशी बोलते. तू रेवाला घे आणि मिळेल त्या पहिल्या विमानाने निघ. एप्रिलची वाट बघू नकोस. हे पत्र त्यासाठीच. तिची तीनचाकी माझ्या गॅलरीत आहे. स्टिकरचा अर्धा कागद अजून हँडलवर तसाच आहे, मी कोमट पाण्याने रोज खरवडते. आज सकाळी तो काकांबरोबर कोपऱ्यापर्यंत फिरायला निघाला. बूट घालून झाल्यावर मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, येतो म्हण बाळा. अक्षया, त्याने मान खाली घातली आणि मला वळसा घालून काकांमागून निघाला. आम्ही कितीही केलं तरी मावशी नि काका. मला येतो म्हणत नाही तो. तुला म्हणेल. तू ये.

तुझी वाट बघत दाराशी बसलेली,
तुझीच
जयमालामावशी