साक्षीच्या केळवणाआधी

कोल्हापूर
गुरुवार, १६ एप्रिल २००९

प्रिय शालन,

हे पत्र तूच वाच. चष्मा लाव, दार लोटून घे, आणि कुणाकडून वाचून घेऊ नकोस. साक्षीकडून तर मुळीच नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. आपली घरं रिक्षानं दहा मिनिटांवर, तू आठवड्यातून दोनदा येऊन जातेस, आणि वैनी पत्र कसलं लिहितात म्हणून तुला हसू येईल. पण हे तुझ्यासमोर बसून मला बोलता येत नाही. तीन महिने बघते आहे. तू साक्षीचा विषय काढलास की मी चहा ठेवायला आत उठून जाते.

जानेवारीपासून साक्षी माझ्याकडे येत नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली नाही, तिचं लग्न ठरल्याचे पेढे घेऊन तू एकटीच आलीस. पहिलं केळवण वैनींच्या घरी, असं तू सगळ्या पैपाहुण्यांना सांगून ठेवलंस, आणि ती म्हणाली की त्या घरात मी जेवणार नाही. त्या दिवसापासून तू तिच्याशी बोलणं टाकलंस. लग्न महिन्यावर आलेलं आणि मायलेकी एका घरात मुक्या. मला म्हणतेस, पोरगी शिकली आणि डोक्यात वारं गेलं, ज्यांनी हाताला धरून शिकवलं त्यांनाच विसरली. शालन, ती काहीही विसरलेली नाही. तिची चूक नाही. चूक माझी आहे. ती कोणती ते सांगायला मी बसले आहे आणि सांगताना पुन्हा आत उठून जाणार नाही.

तू आमच्याकडे आलीस तेव्हा राज नऊ महिन्यांचा होता. लग्नानंतर तेरा वर्षांनी झालेलं मूल, मी चाळिशीला टेकलेली, त्याला आंघोळ घालायचीही भीती वाटायची. पहिल्याच दिवशी तू त्याला पायांवर पालथा घेतलास आणि मला म्हणालीस, "वैनी, तुमी बाजूला बसा. पोरगं काचंचं न्हाय." मी बसले. खरं म्हणजे तेव्हापासून बसलेलीच होते. बँकेतली नोकरी मी सोडली होती. दोन वर्षांनी ह्यांनी घरी कॉम्प्युटर आणला आणि मी पुस्तकं समोर ठेवून वेबसाइट बनवायला शिकले. पन्हाळ्यावरचं एक हॉटेल, मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी, एक चपलांचं दुकान, मिळेल ते काम घ्यायची. माडीवरच्या खोलीत मी आणि खाली तू आणि राज. तो पडला, रडला, तापला, तरी तू मला हाक मारायची नाहीस. वैनीचं काम चाललंय म्हणून त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचीस. सातवीतली साक्षी शाळा सुटली की तुला न्यायला यायची आणि माझ्या खुर्चीमागं उभी राहून पडद्याकडं बघायची. मी तिला शिकवलं, हे तू चार लोकांत सांगतेस. मीही सांगते. पण तिला शिकवायला फारसं लागलं नाही. एकदा बघितलं की तिला यायचं.

त्याच काळात मी रोजनिशी लिहीत होते. वहीत नाही, इंटरनेटवर, इंग्रजीत. म्हणजे असं समज, की रोजनिशीचं पान भर चौकातल्या भिंतीवर चिकटवायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचायचं. मूल सांभाळत घरातून वेबसाइटचं काम करणाऱ्या बाईचे रोजचे अनुभव, असं त्याचं स्वरूप होतं. परदेशातल्या बायका वाचायच्या, उत्तरं पाठवायच्या. इथं आपल्याला बोलायला कुणी नाही असं मला तेव्हा वाटायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तू घरात होतीस, हे माझ्या मनातही आलं नाही.

सुरुवातीची पानं साधी होती. राजला ताप आला, माझं काम अडलं, असलंच काहीतरी. मग एकदा तुझ्याबद्दल लिहिलं. फोनच्या तारेला जोडलेला तो डबा इंटरनेट लागताना किंचाळायचा आणि राज दचकायचा, आठवतं? तू मीठ-मोहऱ्या आणल्यास, राजवरून उतरवल्यास, आणि त्या डब्यालाही काहीतरी बाधलं असेल म्हणून त्याच्यावरूनही उतरवल्यास. मला गंमत वाटली, ती लिहिली. कॅनडातल्या एका बाईनं कळवलं, तुमची शालन म्हणजे रत्न आहे, तिच्याबद्दल अजून लिहा. मी अजून लिहिलं. खंडेनवमीला तू कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहून त्याच्यावर पाणी शिंपडायला निघालीस ते लिहिलं. राज "हाय, न्हाय" बोलायला लागला, तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आईचं पोर मोलकरणीची भाषा बोलतं म्हणून माझी कशी झोप उडाली, ते असं रंगवलं की त्या पानाला सगळ्यात जास्त उत्तरं आली. पुढं पुढं तू कधीच न बोललेली वाक्यं मी तुझ्या तोंडी घालायला लागले. शेवटी तुझा फोटो लावला. राजला मांडीवर घेऊन बसल्या जागी तुझा डोळा लागला होता, तोंड उघडं होतं, पदर घसरला होता. खाली मी लिहिलं, घरातली दोन्ही बाळं झोपली आहेत.

माझी आई शाहूवाडीकडची, हे तुला माहीत आहे. ती बोलायची अगदी तुझ्यासारखी. शाळेत मला न्यायला आली की मी तिला आधीच सांगून ठेवायची, सिस्टरशी तू बोलू नकोस, मी बोलते. ती फाटकाच्या बाहेर गप्प उभी राहायची आणि सिस्टर दिसल्या की नुसती हसायची. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तुझ्या बोलण्यावर हसताना मला ती आठवायला हवी होती. आठवली नाही.

अजून एक पान आहे. राजच्या डब्यातली क्रीमची बिस्किटं कमी व्हायची, आणि एकदा ती तुझ्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेली दिसली. मी तुला काही बोलले नाही. बोलले नाही याचंच मला मोठं कौतुक वाटलं. मी लिहिलं, आमच्या शालनचा हात थोडा हलका आहे, घरी तिची मुलगी आहे, मी बघून न बघितल्यासारखं करते. किती मोठ्या मनाची म्हणून मला शाबासकी मिळाली. तुझं नाव तसंच ठेवलं होतं आणि साक्षीचंही. बदलावं असंसुद्धा मला वाटलं नाही. इंग्रजी वाचणारी माणसं तुमच्या घरात कधी असतील, हा विचारच माझ्या डोक्यात नव्हता. आणि बाजूच्या टेबलावर मी साक्षीला तीच इंग्रजी शिकवत होते.

राज शाळेत रमल्यावर ते लिहिणं सुटलं. पानं तिथंच पडून राहिली आणि मी विसरून गेले. या जानेवारीत माझ्या सगळ्या वेबसाइट ठेवलेली जुनी जागा बंद होणार होती. एका खोलीतलं सगळं सामान दुसऱ्या खोलीत न्यावं, तसं सगळं हलवायचं होतं. माझ्या मानेचं दुखणं चालू होतं, म्हणून ते काम मी साक्षीवर टाकलं. तिच्या राजारामपुरीच्या ऑफिसात फोन करून पासवर्ड दिला आणि म्हणाले, आहे ते सगळं हलव, काही गाळू नकोस. त्या सामानात हेही आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. या कामात इतकी वर्षं काढलेल्या बाईनं करू नये अशी ही चूक. तिनं काही गाळलं नाही, शालन. एक पान नाही, एक फोटो नाही. सगळं जसंच्या तसं नव्या जागी ठेवलं आणि मला कळवलं, काम झालं. त्यानंतर ती आली नाही.

मला वाटलं, कामात असेल. फेब्रुवारीत तू पहिल्यांदा तिच्या वतीनं माफी मागितलीस, तेव्हा मनात कुठंतरी चुकल्यासारखं झालं. कुठलं पान कधी आणि कुठून उघडलं, त्याची नोंद आमच्याकडं राहते. मी ती काढून बघितली. त्या दिवशी दुपारी बारापासून चारपर्यंत साक्षीच्या ऑफिसातून ती पानं एकापाठोपाठ एक उघडली गेली होती. फोटोचं पान तीनदा. बिस्किटांच्या पानावर ती किती वेळ थांबली होती, तेही दिसत होतं. मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळं पुसून टाकलं. तुझी लाज राखायला नव्हे. पुरावा राहू नये म्हणून.

मग एके दिवशी तिच्या ऑफिसात गेले. तिनं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पोरीला वळण तुझं आहे. बाहेर जिन्यापाशी येऊन ती एवढंच बोलली, आणि माझ्याशी नेहमी शुद्ध बोलणारी ती तुझ्या बोलीत बोलली. "काकू, तुमी माझ्या आईला हसलासा ते हसलासा. पर हे तिला कळू देऊ नगासा. ती रोज सांजचा दिवा लावताना तुमचं नाव घेती." मी मान हलवली. आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. तिनंच गप्प राहायला सांगितलं म्हटल्यावर मला गप्प राहता येणार होतं.

त्याच सुमाराला राजला मी सहज विचारल्यासारखं करून त्या बिस्किटांचं विचारलं. तेरा वर्षांचा घोडा झालाय, मला वाटलं आठवणार नाही. तो म्हणाला, मीच टाकायचो की मावशीच्या पिशवीत, साक्षीताईसाठी. मावशीला सांगितलं असतं तर तिनं काढून परत डब्यात ठेवली असती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुला ती घरी गेल्यावर सापडत होती, आणि वैनींनीच ठेवली असं तू समजत होतीस. एका दिवाळीला तू मला म्हणाली होतीस, "वैनी, तुमी माझ्या पोरीला कवाच इसरत न्हाईसा." कशाबद्दल म्हणतेस ते मला तेव्हा कळलं नव्हतं. तरी मी हसून मान डोलावली होती.

ते पान वाचून साक्षीनं काय धरलं असेल? की तिच्या आईनं तिच्यासाठी चोरी केली, आणि ती बिस्किटं आपण आवडीनं खाल्ली. हे मनात घेऊन ती तीन महिने तुझ्यासमोर वावरते आहे. तू तिला उलट्या काळजाची म्हणालीस, कृष्णातरावांनी बाप असून तिला चार माणसांत बोल लावला, आणि एका वाक्यात सगळं सांगून मोकळं होता येत असताना ती बोललेली नाही. ते वाक्य तुझ्या कानावर पडू नये म्हणून. तू चोरी केली नव्हतीस हे तिला सांगणंसुद्धा माझ्याकडून झालेलं नाही. ते सांगायला गेले तर बाकीचं पुन्हा निघेल, म्हणून टाळत राहिले.

काल सकाळी तू आलीस. दारातच उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आईतवारी पोरीला हाताला धरून आणती आणि तुमच्या पायावर घालती. मगच केळवण करा, वैनी." आणि मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, ये. साक्षीला श्रीखंड चालेल की पुरणपोळी करू, असंही विचारलं. तू डोळे पुसत गेलीस, आणि मी त्याच दारात उभी राहून स्वतःच्या तोंडातून काय निघालं ते पुन्हा पुन्हा ऐकत होते. ती आली असती, शालन. तुझ्यासाठी ती वाकलीही असती, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला असता. म्हणून हे पत्र. साक्षीला दिलेला शब्द मी मोडते आहे, आणि तुला जे दुखेल ते माझ्यामुळं दुखेल. रविवारी तिला आणू नकोस. माझ्याकडं केळवण नको. तुला मला जे बोलायचं असेल ते बोलायला बोलाव, मी तुझ्या दारात येईन, गल्लीसमोर बोललीस तरी ऐकून घेईन. नाही बोलावलंस तर तेही बरोबरच. पण ते सगळं मागाहून. आज सहाला साक्षी कामावरून येईल. आधी तिला पिशवीतल्या बिस्किटांचं खरं काय ते सांग, आणि मग तिला जवळ बसवून जेवायला वाढ.

तू म्हणू दिलंस तरच तुझी,
मालविका