सुईणीच्या हातचा नागरिक

मी, नासारियो अबुंदियो एलिसाल्दे, वय चोवीस, धंदा कोळंबीच्या बोटीचा, शिक्षण अर्धवट, राहणार ब्राउन्सविल, टेक्सास, आज बुधवारी भर दुपारी, पोटभर जेवून, एक थेंबही न पिता आणि कोणी हात न पिरगाळता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गरम आहे, पण ठिकाणावर आहे.

मला कसलाही आजार नाही. मी ह्या देशाचा नागरिक आहे की नाही, याचा निकाल परवा शुक्रवारी सकाळी दहाला फेडरल कोर्टात आहे. माझ्या वकील आरेदोंदो बाई म्हणाल्या की निकाल उलटा गेला तर कोर्टाच्या दारातून उचलून तुला नदीच्या पुलापलीकडे, शेजारच्या देशात मातामोरोसला सोडू शकतात, तेव्हा बोटीची काहीतरी लेखी व्यवस्था कर, साधं मुखत्यारपत्र पुरे. ते मी केलं. पण मृत्युपत्रही करणार म्हणून हट्टाला पेटलो. सरकार म्हणतं, मी इथे जन्मलोच नाही. जो जन्मला नाही त्याला मरता येत नाही. मग ज्या सरकारी माणसाने माझं मृत्युपत्र खरं धरलं, त्याने माझा जन्मही धरला. बाई म्हणाल्या, हा कायदा नव्हे. मी म्हटलं, असायला हवा होता.

कलम १. बोट. 'दुल्से हर्मिनिया', अडुसष्ट फुटी, इंजिनासह आणि इंजिनाच्या खोकल्यासह, बाबांनी जाताना माझ्या नावावर केली. ह्या देशाचा झेंडा लावून कोळंबी धरायची तर बोटीचा मालक नागरिकच हवा. म्हणून ती मी माझी धाकटी बहीण नोएमी हिला देतो. ती दवाखान्यात जन्मली म्हणून पक्की. मी त्याच आईच्या पोटी, तिथून चार मैलांवर, स्वयंपाकघरात जन्मलो म्हणून कच्चा. नोएमीने बोटीचा रंग बदलू नये. बदललाच तर मला सांगू नये.

कलम २. आई हर्मिनिया हिला घर, आणि ही लेखी ग्वाही की तिने काही चूक केलेली नाही. मी पाच वर्षांचा असताना बाबा महिनोन्महिने समुद्रावर आणि आई पॅकिंगच्या शेडमध्ये, म्हणून मला पलीकडे मावशीकडे ठेवलं. तिथल्या शाळेला तिथला जन्मदाखला हवा होता. आईने तिथल्या कचेरीत दोन शेजारी साक्षीला उभे केले आणि मी तिथेच जन्मलो असा दुसरा दाखला काढला. नदीच्या दोन्ही काठांना निम्म्या घरांत असे दोन दोन दाखले आहेत. त्यात कोणाला खोटेपणा दिसत नाही, शाळा दिसते.

गेल्या वर्षी वरून हुकूम निघाला की सुईणीच्या हातून जन्मलेला आणि पलीकडे दुसरा दाखला असलेला माणूस नागरिक धरू नये. एका सहीचा हुकूम. मला पत्ताच नव्हता. हंगाम उघडायच्या आधी मी दाढ काढायला पलीकडे गेलो, दाढ काढायला आम्ही सगळे पलीकडेच जातो, आणि परतताना पुलावरच्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट ठेवून घेतला. माझ्या तोंडात कापसाचा बोळा. आयुष्यातलं हे एकच भांडण मी गप्प राहून हरलो. त्या अधिकाऱ्याला मी पासपोर्टचं रिकामं वेष्टन देतो. आतला ऐवज त्याच्याकडे आहेच.

ह्या हुकुमाविरुद्ध ठिकठिकाणी लोक भांडतायत. काहींना स्थगिती मिळाली, पण ती ज्याची त्याला. म्हणून मलाही कोर्टात जावं लागलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माझ्याबाबतीत त्या म्हणीची अडचण आली नाही.

कलम ३. सुईण दोन्या तोमासा रेन्तेरिया, वय त्र्याऐंशी, हिला दर हंगामाच्या पहिल्या कोळंबीची एक पाटी. नोएमीने ती डोकी काढून, सोलून पोचवावी, कारण म्हातारीची बोटं आता वळत नाहीत. ती साक्षीला आली तेव्हा आताच्या सरकारी वकिलाने विचारलं, चोवीस वर्षांपूर्वीचं एक बाळंतपण तुम्हाला आठवतं कसं? ती म्हणाली, "साडेचारशे पोरं काढली मी, बाबा. पायाळू सहाच. हा त्यातला सगळ्यात आडमुठा. आणि मी नदीच्या अलीकडे होते. नदी काही मी हलवली नाही." वकील म्हणाला, आठवणीत चूक होऊ शकते. ती म्हणाली, "तुझ्या आईला विचार, तिची झालीये का." न्यायाधीशांनी खाली बघून कागद चाळले.

कलम ४. कॉलेजला, जे मी चौथ्या सत्रात सोडलं (त्यांनी काढलं ही अफवा आहे, जरी प्राध्यापकाच्या टेबलावर उत्तरपत्रिका फाडल्याची गोष्ट खरी असली), वाचनालयाचं राज्यघटनेवरचं पुस्तक परत. वर्गात ते मी उशाला घेतलं होतं. कोर्टाच्या बाकावर तीनदा वाचलं. वाईट नाही.

कलम ५. प्रेंटिस हॉल्डेन, पूर्वीचे सरकारी वकील, यांना बाबांची मोठी गळकाठी, 'दुल्से हर्मिनिया'च्या मागल्या टोकाला कायमची जागा, आणि माझी माफी. माफी लेखी देतो कारण तोंडाने मला जमणार नाही. पहिल्या तारखेला कोर्टाच्या बोळात मी त्यांना अडवून विचारलं होतं, तुम्ही आईच्या पोटातून आलात की फायलीतून? ते थांबून म्हणाले, "पोटातून. पण कागद मागू नकोस, माझा कुठे आहे मलाच ठाऊक नाही." मला त्याचाही राग आला.

तिसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी त्यांना विचारलं की माझ्या जन्माच्या दिवशी दोन्या तोमासा नदीपलीकडे होती, असं सरकार म्हणतं, त्याला पुरावा काय. हॉल्डेन उभे राहिले.

"पुरावा नाही, न्यायमूर्ती. आहे असं लिहून सही करायला मला वरून सांगितलंय. मी केलेली नाही."

न्यायाधीशांनी विचारलं, याचे परिणाम तुम्ही जाणता?

"जाणतो. पण मी सरकारातल्या कुणा माणसाचा वकील नाही, देशाचा आहे. हा मुलगा त्या देशात मोडतो की नाही, तेच ठरायचंय. तोवर त्याच्याविरुद्ध मला खोटं बोलता येणार नाही."

पुढच्या तारखेला त्यांच्या जागी दुसरा वकील होता. त्याच आठवड्यात त्यांच्या कचेरीतल्या आणखी दोघांनी राजीनामे दिले. हॉल्डेन आता पोर्ट इसाबेलच्या धक्क्यावर गळ टाकून बसतात आणि गळाला काही लागत नाही. पण आमच्या बाजूचे सगळे त्या दिवसापासून ताठ चालायला लागले. मीसुद्धा. ज्याच्यावर थुंकावंसं वाटत होतं त्याच्यामुळे.

कलम ६. उरलेलं सगळं, म्हणजे ट्रक, गिटार, लगून व्हिस्टाचा जमिनीचा तुकडा आणि जन्मदाखल्याच्या अकरा प्रमाणित प्रती, यादिरा साल्दीवार हिला.

यादिरा काउंटीच्या कचेरीत दाखल्यांच्या खिडकीत बसते. पहिली प्रत मला कोर्टासाठी हवी होती. उरलेल्या दहा खिडकीसाठी. नव्या सरकारी वकिलाला यात बनवाबनवीचा वास आला. एका माणसाला स्वतःच्या जन्माचे अकरा दाखले कशाला लागतात, असं त्याने मला शपथेवर विचारलं. शपथेवर खोटं बोलता येत नाही. मी म्हणालो, "खिडकीत जी बसते तिला बघायला." यादिरा तिसऱ्या बाकावर होती. न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले, हेही लिहून घ्या. माझ्या जन्माचं काय ते शुक्रवारी, पण माझं प्रेम सरकारी दप्तरी दाखल आहे.

तेव्हापासून गावात प्रत्येकाचा एकच सल्ला: तिच्याशी लग्न लाव, बायकोच्या नावावर कागद मिळतील, कोर्ट कशाला? यादिराही तयार होती. मी नाही म्हणालो. ज्या देशात जन्मलो त्या देशाचा घरजावई होणार नाही. आधी निकाल, मग लग्न. निकाल उलटा गेला तर तिने मला विसरावं, तिची नोकरी, तिचे वडील, सगळं अलीकडे आहे. यावर ती म्हणाली, "तुला बायको हवीये की खटला? खटल्याला जेवायला वाढायला सांग मग." गेले बारा दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. मी चुकलो असेन, पण मागे घेत नाही.

माझं शरीर, जेव्हा केव्हा पडेल तेव्हा, अलीकडेच पुरावं.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, खरं आहे.

सही: नासारियो अ. एलिसाल्दे

साक्षीदार पहिल्या: बेत्तिना आरेदोंदो, वकील. (माझ्या अशिलाच्या कायद्याविषयीच्या मतांशी मी सहमत नाही. तो शुद्धीवर आहे याच्याशी आहे.)

दुसरा साक्षीदार म्हणून शेजारच्या कचेरीतल्या लेखनिकाला बोलावायचं ठरलं होतं. तेवढ्यात आरेदोंदो बाईंचे काही कागद द्यायला यादिरा आली, तिने माझ्याशी न बोलता टेबलावरून हे उचलून सगळं वाचलं आणि पेन मागितलं. बाईंनी तिला बजावलं की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर ते मिळणं रद्द होतं, सहावं कलम हातचं जाईल. ती म्हणाली, माहितीये. पुढचं तिच्या हातचं आहे.

साक्षीदार दुसरी: मी, यादिरा साल्दीवार, जाणूनबुजून सही करते. ह्या माणसाचं मेल्यावरचं मला काही नको. शुक्रवारी मी कोर्टात असेन. निकाल सुलटा लागला तर लग्न पुलाच्या अलीकडे, उलटा लागला तर पलीकडे. जागा न्यायाधीशांनी ठरवावी. तारीख मी ठरवली आहे, शनिवार.

ठिकाण: ब्राउन्सविल, कॅमेरॉन काउंटी, टेक्सास
तारीख: ११ मार्च २०२६