चुन्यातलं बोट

वेलचेरी, चेन्नई
गुरुवार, ८ फेब्रुवारी २००७

ती. वन्सं यांना शि. सा. नमस्कार.

तर त्या भोगीच्या सकाळी मी पावटे सोलत बसले होते. तीळ भाजून झाले होते, वांगी चिरून पाण्यात टाकली होती, बाजरीचं पीठ मळायचं होतं (बाजरी इथे मिळते, कंबू म्हणतात, भाकरी मात्र कुणी थापत नाही). मीनाक्षी, आमची कामवाली, दाराशी उभी राहून काहीतरी विचारत होती. मी मान हलवली. ती हलवली नसती तर हे पत्र एका पानात संपलं असतं.

पण आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. तेल कोमट करूनच लावता ना? इथे सगळे खुशाल आहेत. आशिष कॉम्प्युटरपुढे असतो, सूनबाई ऊर्मी दुसऱ्या कॉम्प्युटरपुढे असते, आणि रात्री जेवायला दोघं टीव्हीपुढे असतात. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोन त्या टीव्हीशेजारीच आहे आणि हा मजकूर आशिषनं ऐकण्यासारखा नाही.

तुमच्या बंधूंना जुन्या वस्तूंचा नाद होता हे तुम्हाला ठाऊकच आहे. आवडी गावच्या फॅक्टरीतून सुटले की तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांत शिरायचे आणि किल्ली नसलेलं कुलूप घेऊन यायचे. मी जन्मभर त्यावरून बोलले. ते गेल्यावर पहिल्याच वर्षी मीच एक किल्ली विकत आणली, कुलूप नसलेली. तेव्हापासून दर शनिवारी जाते. गिरीधर म्हणून एक दुकानदार आहे, त्याच्याकडची प्रत्येक दौत कुठल्यातरी गव्हर्नराची असते. (इतके गव्हर्नर होते तर राज्य गेलंच कसं, हे मला कळत नाही.) वाचनालयातून जुन्या धातूंवरचं एक पुस्तक आणून, कोश पुढ्यात घेऊन, निम्मं वाचलं. आता मला पितळ आणि कासं वेगळं कळतं. आशिषला दोन्ही भंगारच वाटतं. "आई, हे घर आहे का गुजरी बाजार?" असं विचारतो. म्हणून मी आवडत्या वस्तू लपवून ठेवते.

त्यातली सगळ्यांत आवडती, वन्सं, तुम्हीच दिलेली. आमच्या लग्नात पितळी पानडबा दिला होतात, यांचं नाव घातलेला. तो मी फाटक्या चटईत गुंडाळून पलंगाखाली सारला होता. डब्याचं एवढं काही नाही. आतलं चुनाळं, ती लिंबाएवढी चुन्याची डबी, ते माझं. शेवटचं पान यांनी तिच्यातूनच लावलं, आणि चुना सुकला तो त्यांच्या बोटाच्या खळग्यासकट. मी काही रोज उघडून बघत नाही. (आठवड्यातून एकदा. दोनदा म्हणा.)

आता इकडची भोगी. आपण त्या दिवशी भाजी करतो, हे लोक त्या दिवशी घरातलं जुनंपानं बाहेर काढतात. पस्तीस वर्षं इथे काढली तरी भोगी म्हटलं की माझ्या डोक्यात पावटाच येतो. मीनाक्षी विचारत होती, पलंगाखालची चटई टाकू का? आणि मी पीठ किती घ्यावं या विचारात मान हलवली. भाकरी पहिल्यांदाच इतकी छान फुगली, ते मला आठवतं. चटई नाही हे संध्याकाळी कळलं. खाली उतरले तोवर जुन्या सामानवाला येऊन गेला होता. मीनाक्षी बिचारी रडली, मग मी तिला भाजी दिली. मी रडले नाही, कारण कशासाठी ते आशिषला सांगावं लागलं असतं.

गेल्या शनिवारी गिरीधर म्हणाला, अम्मा, तुम्ही मध्यंतरी आला नाहीत, तंजावरच्या राजवाड्यातला पानडबा हातोहात गेला. झाकणाला पोचा होता, म्हणाला. तो पोचा आशिषनं सात वर्षांचा असताना डबा स्टंप म्हणून वापरला तेव्हाचा. घेणाऱ्याचा पत्ता मागितला आणि तशीच पुढच्या गल्लीत गेले.

घेणारे राणोजीराव. तंजावरकडचे मराठे, रेल्वेतून निवृत्त, दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलेला, तरी नजर अधूच. मराठी असं बोलतात की वाटावं, बखरीतून उठून आत्ताच चहा घ्यायला बसलेत. (कॉफी. चहाचं नाव काढलं तर रागावतात.) डबा काचेच्या कपाटात, लाल मखमलीवर! तुमच्या मिरजेच्या तांबटानं थरथरत्या हातानं घातलेल्या नावाचे चिंचेनं घासून घासून नुसते ठिपके उरलेत, तर म्हणाले, "हे थोरले महाराजांचे काळचे अक्षर, अम्मा. आजकाल कोणांस येते?" पोचा लढाईतला. मी कॉफी पीत राहिले. राणोजीरावांनी चुनाळंही चिंचेनं घासलं असेल का, एवढंच मला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. तेवढ्यात त्यांनीच ते दोन बोटांनी अलगद उघडलं.

"पाहिलांत? बोट! राजपुत्राचे. आम्ही फुंकरसुद्धा मारीत नाही."

वन्सं, होतं तस्संच होतं. राजपुत्र जन्मभर आवडीला जेवणाचा डबा घेऊन जायचा आणि त्यात भाजी कमी असली तर दोन दिवस बोलायचा नाही, हे माझ्या अगदी ओठावर आलं. पण म्हातारा इतका खुलला होता! मी फक्त विचारलं, विकता का. ते म्हणाले, पूर्वज विकतात काय, अम्मा? मी नमस्कार करून घरी आले.

असो. एकूण मी मजेत आहे, काळजी नसावी, काही नको आहे.

तुमची,
हेमा

ता. क. तुम्ही तसाच दुसरा पानडबा स्वतःसाठी केला होतात, त्यात तुम्ही फुलवाती ठेवता. तुमचा अनय महिनाअखेर इकडे नोकरीच्या मुलाखतीला येणारच आहे. त्यातलं फक्त चुनाळं त्याच्याबरोबर पाठवाल का?

ता. क. २. पाठवण्याआधी त्यात चुना भरा आणि उजव्या हाताचं पहिलं बोट दाबून सुकू द्या. यांची बोटं तुमच्यासारखीच होती, टोकाला चपटी. मी संधी साधून डबी बदलेन. त्यांचा राजपुत्र त्यांच्याकडे राहील, माझा माझ्याकडे येईल. गुडघा दुखत असला तरी बोट चालतंच ना?

ता. क. ३ (शनिवार). पत्र पाकिटात घातलं आणि झोप येईना. या वयात वन्संना बोटाची नक्कल करायला लावायची, आणि नजर अधू असलेल्या माणसाला फसवायचं! काल शेअर ऑटो आणि बस करत राणोजीरावांकडे गेले, सगळं खरं सांगितलं. ते चिडलेच: "इतके दिवस तुमचे यजमान आमचे घरी बसलेत, आणि तुम्ही कॉफी पिऊन उगीच निघून गेलांत?" उठून चुनाळं माझ्या ओंजळीत ठेवलं. डबा मी त्यांनाच राहू दिला. जिना उतरत होते तर वरून हाक आली, अम्मा, महिनाअखेरीस नातलग पाहावयास येणार आहेत, तुमचे नणंदेस लिहा, बोट जरा ठळक उठवा म्हणावे. तेव्हा वरचं सगळं कायम समजावं.

घरी आल्यावर सवयीनं मी डबी एका फाटक्या अभ्र्यात गुंडाळून पलंगाखाली सारली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, अभ्रा मीनाक्षीला फरशी पुसायला दिला आणि डबी टीव्हीवर ठेवली.