सातशे मीटरवरचा नेपच्यून

गुरुजी, तुमच्यावर दोन चांगले शब्द लिहून दे म्हणून परवा मला फोन आला. गावातली जुनी पोरं तुमची स्मरणिका काढतायत. फोन करणारा सरपंचाचा मुलगा, आपल्या वर्गातला, त्या दिवशी जो सूर्य झाला होता तोच. "तू नेपच्यून होतीस न्हाई का गं? लई मजा आलती त्या दिवशी," म्हणून तो हसला. मी एसटीत कंडक्टर आहे, गाडी सुटायची वेळ झालीय असं सांगून फोन ठेवला, आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. मजा त्यालाच येणार. तो झेंड्याच्या कट्ट्यावर सावलीत फुटबॉल मांडीवर घेऊन बसला होता.

पाचवीतली गोष्ट. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह पंगतीला बसल्यासारखे मांडीला मांडी लावून होते. तुम्ही ते पान वर धरून म्हणालात, "हे चित्र खोटं हाय. खरं मी दाखवतो." सूर्य फुटबॉलएवढा धरला तर पृथ्वी मोहरीएवढी, आणि ती मोहरी शाळेच्या फाटकापाशी. गुरू म्हणजे मोठं बोर, हापशाच्या पुढं. शनी त्याहून जरा बारकं बोर, पिठाच्या गिरणीजवळ. युरेनस आणि नेपच्यून हे दोन हरभरे. एक ओढ्याच्या पुलावर, आणि दुसरा गावाबाहेर सीताफळाच्या उतारावर, शाळेपासून सातशे मीटर. नेपच्यून कोण होणार म्हटल्यावर एकानंही हात वर केला नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. माझे आईबाप कारखान्यावर ऊस तोडायला गेलेले, मी चुलतीकडे राहायची. पोर उशिरा घरी आली तर विचारायला कोण येणार, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. "गुरुजी, लई लांब हाय तितं," मी म्हणाले. "म्हणून तर तू. तपासणीला येणाऱ्या साहेबांना मी शेवटी तुझ्यापाशी आणणार. तू जागा सोडलीस तर सगळं माप खोटं पडंल."

मी जागा सोडली नाही. शिमगा होऊन गेलेला, उतारावर सीताफळाच्या झाडांना पान नाही, सावली म्हणून काही नाही. नेपच्यूनवर रक्त गोठवणारी थंडी असते असं तुम्ही शिकवलं होतंत, आणि माझे तळपाय भाजत होते. बीडहून आलेली साहेबांची जीप मी वरून बघते. ती शाळेत शिरते, बऱ्याच वेळानं बाहेर पडते, आणि गावाकडं धूळ उडवत निघून जाते. मला वाटतं, आता गुरुजी एकटेच येतील. फुटबॉल मला दिसत नव्हता, मोहरी तर सोडाच. शाळेचं छप्पर तेवढं अंगठ्याच्या नखाएवढं दिसत होतं. भूक लागली तेव्हा मी हातातला नेपच्यून खाऊन टाकला. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

दिवस कलल्यावर शेळ्या घेऊन उतरणारी एक बाई थांबली. "कोणाची गं तू? हितं काय करायलीस?"

"मी नेपच्यून हाय."

"आसशील माय. चल घरी."

तिनं आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि हाताला धरून मला चुलतीच्या दारात सोडलं. रात्रभर अंगात ताप होता. तरी सकाळी मी शाळेत आले, कारण तुम्ही काहीतरी म्हणाल असं वाटत होतं. तुम्ही म्हणालात, सगळ्या वर्गासमोर, "कावून थांबलीस गं तितं? अक्कल न्हाई का?" पोरं हसली, तुम्हीही हसलात. सातवी होईपर्यंत माझं नाव नेपच्यून होतं. साहेब जेवले, फुटबॉल आणि मोहरी बघून खूश झाले, तुमची पाठ थोपटून गेले, हे मला पोरांकडून कळलं. सूर्याचा उजेड नेपच्यूनवर पोचायला चार तास लागतात, हे तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतंत. उजेड तरी पोचतो, गुरुजी. तुम्हाला सातशे मीटर चालणं झालं नाही. आणि विसरलात हे एकवेळ मी सोडून देईन. पण विसरल्यावर मलाच मूर्ख ठरवलंत, ते नाही सोडणार.

माझ्या मुलीच्या पुस्तकात आजही तेच पंगतीचं चित्र आहे. गेल्या महिन्यात तिनं ते रंगवायला घेतलं तेव्हा मी पुस्तक हिसकावून घेतलं. "खोटं हाय ते!" मी इतक्या जोरात ओरडले की ती घाबरून रडायला लागली. मग मी तिला हायवेच्या कडेनं चालत नेलं. सातशे मीटर, नेपच्यूनपर्यंत, शेवटपर्यंत तिचा हात धरून, दोघी मिळून. तिथं उभी राहून ती मागं वळली. "आई, मधे एवढं काहीच नाही?" तिनं विचारलं. काहीच नाही, मी म्हणाले. हे मला कुणामुळं ठाऊक आहे ते मी तिला सांगितलं नाही.

स्मरणिकेला मी काही देणार नाही, आणि हे पत्र द्यायला तुम्ही नाही. एवढंच कबूल करते. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा माझी गाडी मांजरसुंब्याच्या फाट्यावर उभी होती. माणसं चढली, दार लागलं, आणि माझी घंटी द्यायचीच राहिली. ड्रायव्हर आरशातून बघत बसला. मागून एक म्हातारा ओरडला, "ओ बाई, निघायचं का न्हाई?" तेव्हा कुठं मी दोरी ओढली, आणि पुढचा फाटा येईपर्यंत कुणाचंही तिकीट फाडलं नाही.