डाव्या पायाचं अस्तर

प्रिय कोर्बी,

अत्यंत जड अंतःकरणाने आणि त्याहून जड झालेल्या नाकाने हे पत्र लिहायला बसले आहे. माझी तक्रार आपल्या तळघराविरुद्ध आहे आणि ती मी रीतसर मांडणार आहे. रविवारपासून दक्षिणेचा गरम वारा सुटलाय. तो आला की गावात कुणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही, हे माझ्या भावाला मी काय सांगायचं! पाद्रीबुवा प्रवचनाच्या मधेच थांबून कुठे होतो म्हणून विचारतात, गाई दूध चोरतात, आणि एगिडची बायको माहेरी जायला बॅग भरते नि वारा पडला की पुन्हा कपाट लावते. यंदा या वाऱ्याने आपलं तळघर तापवलं, आणि तिथून जिना चढून एक वास स्वयंपाकघरात आला. सरळ आला, खुर्ची ओढून बसल्यासारखा बसला. आधी मला वाटलं चीज खराब झालं. मग वाटलं उंदीर मेला. मग बिशप जिन्याच्या तोंडाशी जाऊन आला. (मांजराचं नाव अजून तेच आहे, आणि पाद्रीबुवांना ते अजून आवडत नाही.) त्याने एकदा हुंगलं आणि असं तोंड करून परत फिरला की मला मामी आठवल्या, माझं लग्न मोडल्याचं ऐकलं त्या दिवशीच्या.

तुझी निळी पिशवी होती ती. तुला जानेवारीत अपघातानंतर डोंगरावरून खाली नेलं, तेव्हा कुणीतरी माझ्या हातात दिलेली, तोंडाला गच्च गाठ मारलेली. आत तुझे स्कीचे बूट, ओले, घामाचे नि बर्फाचे. मी ती तळघरात नेऊन ठेवली, आणि त्यानंतर आपण दोघांपैकी कुणी तिचं नावसुद्धा काढलं नाही. आता बघ, मी दर एप्रिलला माझ्या स्की-बुटांच्या दुकानाच्या दारात उभी राहून अख्ख्या गावाला दटावते, की बाबांनो, प्लास्टिकच्या कवचातून आतलं मऊ अस्तर बाहेर काढा, वाळवा, मगच बूट ठेवा. आणि माझ्याच पायाखाली दहा महिने हे मुरत होतं. गाठ सोडली तेव्हा शेजारच्या वेफीकाकू दारात होत्या. त्या म्हणाल्या, “झेन्झी, पोलिसांना बोलावू का?” मी म्हटलं, “काकू, हे आपल्या कोर्बीचे बूट आहेत.” तर त्या छातीवर क्रूसाची खूण करत म्हणाल्या, “बिचारी ती पेंग्विनं! एवढी वर्षं याच्याच मागे चालत होती.”

पेंग्विनांचा, म्हणजे तुझ्याकडे स्की शिकणाऱ्या चिमुरड्यांचा, विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. एगिड परवा दुकानात आला होता. स्की-शाळेचा मुख्य झाल्यापासून तो आत येतानासुद्धा उतारावरून येतोय अशा ऐटीत येतो. मी बेंचवर भाड्याच्या बुटांना साबण लावत होते. तो बराच वेळ हातमोजे बघत राहिला. ते त्याला घ्यायचे नव्हते. शेवटी म्हणाला, “कोर्बीचं काही कळलं?” मी म्हटलं, “लिंझला आहे. गालिच्यांच्या गोदामात. गालिचे सपाट असतात, त्याला तेच आवडतं म्हणतो.” त्यावर म्हणाला, “झेन्झी, मला चेष्टा नकोय. रविवारी चर्चसमोर शिक्षकांना सीझनचा आशीर्वाद आहे. तो रांगेत उभा राहिला, तर लाल जॅकेट त्याचं आणि लहान मुलं त्याची. नाही राहिला तर मला ती दुसऱ्या कुणाला द्यावी लागतील. मी आणखी एक हिवाळा जागा रिकामी ठेवू शकत नाही.” एगिडवर रागावायची माझी फार इच्छा होती, पण तो बरोबर बोलत होता आणि वर बोलताना लाल झाला होता. म्हणून मी फक्त एवढंच म्हटलं, “ते हातमोजे ठेव खाली, मळतील.”

तुला ती रांग डोळ्यांसमोर दिसत असेलच. चर्चच्या पायऱ्यांपासून चीजच्या दुकानापर्यंत सगळे शिक्षक लाल जॅकेटं घालून, पायात बूट चढवून, स्की खांद्यावर टेकवून. सगळ्यात वर म्हातारे, आणि कारंज्याशेजारी तू, कारण मुलं तिथेच उभी राहतात आणि पाद्रीबुवांनी शिंपडलेलं पाणी तोंडात झेलायला बघतात. गेल्या वर्षी तूही झेलत होतास, मी पाहिलंय. साधे जोडे घालून त्या रांगेत कुणी उभं राहत नाही, हा आपल्याकडचा नियम. ऑक्टोबरमध्ये तू दुकानात माझे भाड्याचे नवे बूट चढवून बघितलेस, डावा पाय आत गेला नाही, गेला तेव्हा तू ओरडलास, आणि मग बूट भिंतीवर फेकून म्हणालास, “संपलं. आता मला कुणी धन्यवादही देऊ नका आणि सूपही आणू नका.” भिंतीला खड्डा पडलाय. मी तो बुजवलेला नाही. गिऱ्हाइकांना सांगते, इथे एका सज्जन माणसाने मत नोंदवलंय.

मला कळतं रे. तो पाहुणा स्कीवरचा ताबा जाऊन वरून सुटला, मुलांना वाचवायला तू मधे आडवा गेलास, तुझा पाय मोडला, आणि त्या दिवसापासून गावाने तुझा पुतळा करून टाकला. पुतळ्याला पाय दुखतो असं म्हणायची सोय नसते. बेकरीत तुला पैसे देऊ देत नव्हते, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसवत होते. मी असते तर मीही लिंझला पळाले असते, पण गालिच्यांपर्यंत गेले नसते.

असो. वास. सोमवारी मी तुझी अस्तरं बाहेर काढायला घेतली. आधी कवचं शेगडीजवळ जरा नरम केली, नाहीतर थंड प्लास्टिक हात सोलून काढतं. उजवं अस्तर आलं गुमान. डावं काही केल्या येईना. माझा एक पाय कवचावर, दोन्ही हातांत अस्तराची जीभ, आणि मी तुझ्या नावाने जे जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेवटी ते असं सुटलं की मी मागच्या बुटांच्या रांगेवर जाऊन बसले. आतले सुकतळे काढून टाकले, त्यांना देवाघरी पाठवणंच इष्ट होतं. मग कोमट पाण्यात थोडा साबण, मऊ ब्रश, आणि बोटांच्या जागी आतपर्यंत हात. पाणी चिखलासारखं झालं. बदललं. परत झालं. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं, हे मी शिकाऊ पोरींना शंभरदा सांगते आणि स्वतः मात्र रागाने पिळायला निघाले होते. मग पाण्यात व्हिनेगर घालून पुसून घेतलं. मग खायचा सोडा जुन्या मोज्यांत भरून ते मोजे आत कोंबले. त्याच्यावर डोंगरी पाइनच्या लाकडाचा भुसा. गाव मधूनमधून दारात येऊन सल्ले देत होतं. कुणी म्हणे फ्रीजरमध्ये ठेव, वास गारठून मरतो. मी सांगितलं, मरत नाही, नुसता झोपतो, आणि पाय आत गेला की उठतो, शिवाय तिथे हरणाचं मांस आहे. वेफीकाकू म्हणाल्या, “पाद्रीबुवांकडचं धूपपात्र माग.” ही एकच सूचना मला विचार करण्यासारखी वाटली.

(मधे उठले होते. खिडकीची झडप वाऱ्याने आपटत होती, ती बांधून आले. छपरावरचा बर्फ सारखा ठिबकतोय, उतारावर हिरवं दिसायला लागलंय, आणि लिफ्टचे लोक यंत्रांनी बर्फ करायला थंडीची वाट बघत एकमेकांवर खेकसताहेत. मला एका जागी बसवत नाही. दहा ओळी लिहिते नि काहीतरी पुसायला उठते. दुकानात आता पुसण्यासारखं काही उरलेलं नाही.)

आता ज्यासाठी मी वेफीकाकूंशी काल रात्रभर अबोला धरला, ते ऐक. काल मी बस-स्टॉपवर सामान आणायला गेले. अस्तरं मी पंख्यासमोर टांगली होती, गार वाऱ्यात, सावकाश वाळायला. काकू पावाचे उकडलेले गोळे, आपले क्नोडेल, घेऊन आल्या, अस्तरांना हात लावला, दमट लागली. त्यांच्या वेळी बूट चामड्याचे होते आणि चामड्याचे बूट रात्रभर टाइल्सच्या भट्टीवर ठेवायचे, हे त्यांच्या रक्तातच आहे. त्यांनी भट्टीत दोन ओंडके टाकले आणि माझं काम हलकं केलं. उजवं अस्तर कठड्याला अडकवलं, कारण वर बिशप झोपला होता आणि तो सरकेना. डावं मात्र थेट वरच्या लोखंडी पत्र्यावर. मी आले तेव्हा घरभर पाइनचा सुंदर वास, काकू खुशीत, आणि पत्र्यावर तुझं डावं अस्तर फुगून बसलेलं, शेजारच्या क्नोडेलसारखंच गोल. घोट्याची खोबण गेली. टाचेची पकड गेली. आठ वर्षांपूर्वी मीच ते गरम करून तुझ्या पायावर बसवलं होतं आणि तू “चटके! चटके!” म्हणून मुलांपेक्षा जास्त बोंबललास, तो सगळा आकार गेला.

मी ओरडले नाही, हेच काकूंना सहन झालं नाही. मी खुर्चीत बसले आणि रडायला लागले. काकू घाबरून म्हणाल्या, “अगं, एक बूट तो! नवीन घेऊ.” मी म्हटलं, “काकू, तो कोर्बीचा पाय होता.” त्या क्नोडेल तिथेच ठेवून निघून गेल्या. बिशपने दोन खाल्ले.

आज सकाळी ते अस्तर फेकायला म्हणून उचललं, आणि पायात काहीतरी अडकलं. तुझी घरातली लोकरी सपात. डावी. तू गेलास तेव्हा बाकाखाली राहिलेली. फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत तू दुसरं काही पायात घातलंच नाहीस, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला, डॉक्टरांनी हाडाला धातूची पट्टी बसवली तिथे, लोकर बाहेर फुगलीय. अक्रोडाएवढी. मी एका हातात सपात आणि एका हातात ते फुगलेलं अस्तर घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. मी काल ज्या पायासाठी रडले तो पाय, कोर्बी, जानेवारीतच गेलाय. मी मात्र त्याचा साचा धुऊन, पुसून, सुगंधी करून जपायला निघाले होते, म्हणजे तुझ्या आताच्या पायाला तो पुन्हा चावला असता. वेफीकाकूंनी भट्टीवर तो पुसून टाकला. आता त्या अस्तराला काहीच आठवत नाही. गरम केलं की ते जो पाय मिळेल त्याचा आकार घेईल. मी तडक काकूंकडे गेले आणि म्हटलं, “क्नोडेल फार छान झाले होते.” त्या म्हणाल्या, “मीठ कमी होतं.” म्हणजे आमचं मिटलं.

दुपारभर मी कवचाला लागले. सपातेवरून माप घेऊन घोट्याच्या जागी यंत्राने बाहेर ढकललंय, तुझ्या अक्रोडाला जागा करून दिलीय. उजवं अस्तर जसंच्या तसं आहे. वास, खरं सांगायचं तर, पूर्ण गेलेला नाही. खोल नाक खुपसलं तर तू अजून सापडतोस.

आणि म्हणून हे पत्र. मी बूट धुऊ शकते, वाळवू शकते, कवच फुगवू शकते, फक्त डावं अस्तर तुझ्या पायाशिवाय बसवू शकत नाही. तू येणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून शनिवारी दुपारच्या गाडीने मी येतेय. सीझनच्या आदल्या दिवशी दुकान बंद ठेवलं म्हणून गाव मला वेडी म्हणेल, पण या वाऱ्यात वेगळं कोण ओळखणार! गरम हवेची फुंकणी बरोबर आणतेय, तुझ्या स्वयंपाकघरात एक प्लग मोकळा ठेव. दहा मिनिटं पाय आत घालून उभं राहायचं, बोंबलायची परवानगी आहे. त्यानंतर रात्रीच्या गाडीने माझ्याबरोबर यायचं की नाही ते तू ठरव. रविवारचं नाव मी काढणार नाही. नाही आलास तरी बूट तुझ्याकडे राहतील. तुला आठवतं, आईकडे आपल्या दोघांत मिळून बुटांची एकच जोडी होती? मी मोठी म्हणून सकाळी मी घालायची, दुपारी तू. दोन हिवाळे. ते कायम माझ्या घामाने भिजलेले, गार, आणि तू तसाच त्यात पाय घालायचास आणि नाक दाबून हसायचास. या वेळी सकाळ तुझी. दार उघडलंस की बूट उंबऱ्यात ठेवीन. आतून हात लावून बघ, कोरडे आहेत.

तुझीच,
झेन्झी